वय, किलोमीटर आणि देखभाल : जुन्या आलिशान सेडान का बिघडतात?

प्रश्नाची व्याप्ती

पंधरा वर्षांपूर्वी चाळीस-पन्नास लाखांना घेतलेली जर्मन सेडान आज नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते. पण तिच्या एअर सस्पेन्शनचा एक स्ट्रट किंवा गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट घ्यायला गेले, की दर पन्नास लाखांच्या गाडीचाच लागतो. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. या तफावतीमुळे जुन्या आलिशान गाड्यांच्या बिघाडांबद्दल बोलताना माणसे पटकन बाजू घेतात. कोणी म्हणते, मुळात आराखडाच नाजूक. कोणी म्हणते, गाडी चांगली होती, मालकाने वाट लावली. कोणी वयाकडे बोट दाखवते, तर कोणी आपल्याकडच्या इंधनाकडे, रस्त्यांकडे आणि पावसाकडे.

या लेखात साधारण १९९० ते २०१२ या काळात विकल्या गेलेल्या मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू आणि आउडी सेडानचा विचार केला आहे. तुलनेसाठी लेक्ससचे एक उदाहरण घेतले आहे. अपघात, रंगकाम, सजावट हे विषय बाहेर ठेवले आहेत.

महाराष्ट्राचा या गाड्यांशी संबंध केवळ ग्राहकाचा नाही. मर्सिडीज-बेंझने १९९४ साली टेल्कोबरोबर भागीदारीत भारतात कंपनी काढली आणि १९९५ मध्ये पिंपरीतून ‘डब्ल्यू १२४’ पिढीची ई-क्लास बाहेर पडू लागली. २००९ मध्ये कंपनीचा चाकणचा कारखाना सुरू झाला. आउडीने २००७ च्या सुमारास तेव्हाच्या औरंगाबादमध्ये, श्कोडाच्या शेंद्रा येथील कारखान्यात, ए६ ची जुळणी सुरू केली. बीएमडब्ल्यूचा कारखाना २००७ मध्ये चेन्नईत उभा राहिला. आज मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत उभ्या असलेल्या जुन्या आलिशान सेडानपैकी बऱ्याच याच कारखान्यांतून निघालेल्या आहेत.

पार्श्वभूमी : तीन पिढ्या

बिघाडांचे स्वरूप समजण्यासाठी या गाड्यांच्या तीन पिढ्या वेगळ्या पाहाव्या लागतात.

पहिली पिढी मुख्यतः यांत्रिक होती. १९८४ साली आलेली डब्ल्यू १२४ हे तिचे प्रातिनिधिक उदाहरण. तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन लाखो किलोमीटर चालल्याचे दाखले जगभर आहेत, आणि जर्मनीत ती वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून धावली. तरीही ती निर्दोष नव्हती. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात मर्सिडीजने इंजिनच्या वायरिंगला असे आवरण वापरले, की ते इंजिनच्या उष्णतेने काही वर्षांत कडक होऊन गळून पडू लागले. उघड्या पडलेल्या तारा एकमेकींना चिकटल्या की इंजिन मिसफायर होई, आणि कधी कधी त्यासोबत महागडे कंट्रोल युनिटही जाई. ‘जुनी मर्सिडीज म्हणजे लोखंड’ हा समज आणि वायरिंगचा हा दोष एकाच गाडीत नांदत होते.

दुसरी पिढी १९९५ नंतरची. ई-क्लास ‘डब्ल्यू २१०’, बीएमडब्ल्यू ५ सीरिज ‘ई ३९’ आणि आउडी ए६ ‘सी ५’ या तिच्या ओळखीच्या गाड्या. या काळात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वाढले, स्वयंचलित गिअरबॉक्स संगणकाच्या ताब्यात गेला आणि इंजिनाभोवतीच्या अनेक भागांत धातूची जागा प्लॅस्टिकने घेतली. डब्ल्यू २१० ला गंजाने ग्रासले. काही गाड्यांत पुढच्या स्प्रिंगला बॉडीवर धरून ठेवणारी बैठकच गंजून सुटली.

तिसरी पिढी २००१ नंतरची. त्या वर्षी आलेल्या बीएमडब्ल्यू ७ सीरिज ‘ई ६५’ मध्ये ‘आयड्राइव्ह’ ही पडद्यावरची नियंत्रण यंत्रणा होती आणि मनोरंजन यंत्रणा प्रकाशतंतूच्या वर्तुळाकार जाळ्यावर जोडलेली होती. त्या वर्तुळातले एक युनिट बंद पडले, तर सगळे जाळे मुके होऊ शकते. २००२ च्या ई-क्लास ‘डब्ल्यू २११’ मध्ये ब्रेकचा पेडल आणि चाकांवरचा दाब यांच्यामध्ये संगणक आला. या पिढीतील गाड्या आज पंधरा ते पंचवीस वर्षांच्या आहेत आणि वाद मुख्यतः यांच्याभोवतीच फिरतो.

नेमके काय बिघडते

भूमिकांकडे वळण्याआधी तक्रारींचा नकाशा पाहू.

सर्वांत नेहमीची तक्रार इंजिन गरम होण्याची. या गाड्यांत कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचे घर, रेडिएटरची तोंडे आणि काही ठिकाणी वॉटर पंपाचा पंखासुद्धा प्लॅस्टिकचा असतो. दहा-बारा वर्षे गरम-थंड होऊन हे प्लॅस्टिक ठिसूळ होते. बीएमडब्ल्यूच्या ‘एम ५२’ आणि ‘एम ५४’ या सहा सिलिंडरच्या इंजिनांत हा दोष सर्वांना माहीत आहे. पुढच्या ‘एन ५२’ मध्ये वॉटर पंप विजेवर चालू लागला. तो जाताना बहुधा आधी गळत नाही की आवाज करत नाही, एकदम थांबतो. अशा वेळी तापमानाची सूचना दिसूनही गाडी पुढे रेटली, तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि काही हजारांच्या पंपाचे बिल काही लाखांवर जाते.

दुसरी तक्रार तेलगळतीची. व्हॉल्व्ह कव्हर, ऑइल फिल्टरचे घर, ऑइल कूलर या ठिकाणची रबरी गॅस्केट कडक होतात. बीएमडब्ल्यूच्या एन ५२ आणि त्यानंतरच्या काही इंजिनांत ऑइल फिल्टरच्या घरातून गळलेले तेल थेट बेल्टवर पडते आणि बेल्ट निसटतो. मर्सिडीजच्या ‘ओएम ६४२’ या व्ही ६ डिझेलमध्ये ऑइल कूलर दोन सिलिंडर-रांगांच्या खाचेत तळाशी आहे. तिथले सील स्वस्त, पण तिथवर पोचण्यासाठी वरचा सगळा डोलारा उतरवावा लागतो. या गाड्यांच्या बाबतीत भाग आणि मजुरी यांचे प्रमाण अनेकदा असे उलटे असते.

तिसरी तक्रार टायमिंगची. टायमिंग चेन बेल्टसारखी बदलावी लागत नाही, असे ग्राहकांना सांगितले जाई. प्रत्यक्षात मर्सिडीजच्या ‘एम २७१’ मध्ये चेन ताणली जाते. ‘एम २७२’ व्ही ६ मध्ये २००४ ते २००८ च्या सुमाराच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टच्या गिअरचे दाते अवेळी झिजतात. बीएमडब्ल्यूच्या ‘एन ४७’ डिझेलमध्ये चेन तुटण्याच्या तक्रारी आल्या आणि ती चेन इंजिनच्या मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. त्यामुळे चेन बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणे आले. आउडीच्या १.८ आणि २.० लिटर टीएफएसआय इंजिनांच्या एका पिढीत चेनचा टेन्शनर आणि पिस्टन रिंगांमुळे होणारी तेलखाऊ सवय अशा दोन्ही तक्रारी आहेत.

चौथी तक्रार गिअरबॉक्सची. गाडी झटका मारते, गिअर उशिरा पडतो, किंवा एकाच गिअरमध्ये अडकून चालते. मर्सिडीजच्या सात गिअरच्या गिअरबॉक्समध्ये आतल्या इलेक्ट्रॉनिक प्लेटचे सेन्सर जातात. आउडीच्या मल्टिट्रॉनिक गिअरबॉक्समध्ये कंट्रोल युनिट आणि क्लच यांच्या तक्रारी आहेत. २००० च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही मर्सिडीजमध्ये बिघाड रेडिएटरचा असे, पण लक्षण गिअरबॉक्समध्ये दिसे. रेडिएटरच्या आतच गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी होती. तिथे भेग पडली की कूलंट गिअरबॉक्सच्या तेलात मिसळे आणि क्लचच्या पट्ट्या खराब करी.

पाचवी तक्रार सस्पेन्शनची. १९९८ च्या एस-क्लास ‘डब्ल्यू २२०’ बरोबर मर्सिडीजचे एअरमॅटिक हे एअर सस्पेन्शन आले. रबरी हवापिशवीला बारीक चिरा पडतात आणि सकाळी गाडीचा एक कोपरा खाली बसलेला दिसतो. मालक काही महिने तशीच चालवतो. गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालतो आणि तोही जळतो. साध्या सस्पेन्शनच्या गाड्यांत ॲल्युमिनियमचे अनेक आर्म आणि त्यांचे रबरी बुश असतात. ते एकामागून एक खडखडू लागतात.

सहावी तक्रार विजेची. कमजोर बॅटरी, पाणी शिरलेली युनिटे, तुटलेल्या तारा. डॅशबोर्डवर एकाच वेळी पाच-सहा वॉर्निंग लाइट पेटतात आणि मूळ कारण एखाद्या जुन्या बॅटरीत किंवा सैल अर्थिंगमध्ये असते.

पहिली भूमिका : दोष आराखड्यातच

या भूमिकेच्या बाजूने सर्वांत ठोस पुरावा म्हणजे कंपन्यांनी स्वतः उचललेली पावले. डब्ल्यू २११ मधील संगणकी ब्रेक यंत्रणेसाठी मर्सिडीजने २००४ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या आणि २००६ च्या सुधारित ई-क्लासमधून ती यंत्रणाच काढून टाकली. बीएमडब्ल्यूने ‘एन ६३’ या व्ही ८ इंजिनासाठी २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत खास ग्राहक मोहीम काढली. त्या इंजिनात टर्बो दोन सिलिंडर-रांगांच्या मध्ये बसवलेले आहेत. तिथली उष्णता आसपासच्या रबराला आणि सीलना सोसत नाही आणि इंजिन तेल पिते. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये ५२० डी आणि इतर डिझेल बीएमडब्ल्यूंना लागलेल्या आगींनंतर एक्झॉस्ट वायू थंड करणाऱ्या कूलरमधील गळतीचे कारण पुढे आले आणि एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलावल्या गेल्या. एम २७२ च्या गिअरवरून अमेरिकेतले ग्राहक न्यायालयात गेले.

या उदाहरणांत देखभालीचा भाग दुय्यम ठरतो. मालकाने वेळेवर तेल बदलले तरी चुकीच्या धातूचा गिअर झिजणारच. शिवाय चेन मागच्या बाजूला ठेवणे किंवा ऑइल कूलर खाचेत गाडणे या निर्णयांचा खर्च पहिल्या मालकाला जाणवत नाही, तो तिसऱ्या मालकाच्या माथी येतो.

याला मिळणारे उत्तरही विचारात घ्यावे लागते. हे दोष ठरावीक इंजिनांचे आणि ठरावीक वर्षांचे आहेत. त्याच एम २७२ ची नंतरची इंजिने सुधारित गिअरसह आली. एका वर्षाच्या दोषावरून संपूर्ण ब्रँडबद्दल निष्कर्ष काढणे योग्य नाही, असे अभियंते म्हणतात. ज्यांच्या गाड्या नीट चालतात ते तक्रार नोंदवत नाहीत, हाही त्यांचा मुद्दा.

दुसरी भूमिका : देखभालीचे वेळापत्रक

१९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात सर्व्हिसची अंतरे लांबली. मर्सिडीजने गाडीच्या वापरावरून सर्व्हिसची वेळ ठरवणारी यंत्रणा आणली. फोक्सवॅगन समूहाने दोन वर्षे किंवा ३० हजार किलोमीटरपर्यंत एकच इंजिन तेल चालवण्याची सोय दिली. यामागे आर्थिक कारण होते. जर्मनीत महागड्या सेडान मोठ्या प्रमाणावर कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांसाठी भाड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी परत करतात. तेवढ्या काळात सर्व्हिसचा खर्च जितका कमी, तितकी गाडी विकायला सोपी.

स्वतंत्र मेकॅनिक आणि इंजिन बांधणारे कारागीर म्हणतात, की पुढचे बरेचसे दुखणे इथे सुरू झाले. जुन्या तेलातली काजळी चेन झिजवते, टेन्शनरच्या बारीक वाटा बुजवते, पिस्टन रिंग चिकटवते. एन ६३ च्या मोहिमेत बीएमडब्ल्यूने तेल बदलण्याचे अंतर कमी केले, हा ते आपल्या म्हणण्याचा पुरावा मानतात.

गिअरबॉक्सच्या तेलाचा वाद याच जातीचा. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज यांनी अनेक वर्षे काही स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल कधीच बदलायचे नाही, अशी शिफारस केली होती. मर्सिडीजने पाच गिअरच्या गिअरबॉक्सबाबत ती पुढे बदलली. बीएमडब्ल्यूला सहा गिअरचा गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी मात्र स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. गिअरबॉक्स बनवणारा आणि गाडी बनवणारा यांच्या सल्ल्यात असा उघड फरक आहे.

कंपन्यांच्या बाजूने बोलायचे तर आधुनिक कृत्रिम तेल खरोखरच जास्त टिकते आणि लांब महामार्गावर चालणाऱ्या गाडीला ३० हजार किलोमीटरचे अंतर झेपूही शकते. भारतात या गाड्यांना युरोपाइतकी लांब अंतरे दिलेली नव्हती. साधारणपणे वर्ष किंवा १० ते १५ हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल ते. म्हणजे युरोपातली टीका इथे जशीच्या तशी लागू होत नाही. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. वॉरंटी संपली, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली, की अधिकृत सर्व्हिस थांबते आणि पुढचा इतिहास कागदावर राहत नाही.

तिसरी भूमिका : वय कोणाला चुकले आहे

ही भूमिका आराखड्याला फार दोष देत नाही आणि मालकालाही नाही. रबर, प्लॅस्टिक आणि तारांचे आवरण उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने म्हातारे होतात. गाडी उभी राहिली तरी. त्यामुळे ‘फक्त ४० हजार चाललेली’ पंधरा वर्षांची सेडान ‘दीड लाख चाललेल्या’ सात वर्षांच्या सेडानपेक्षा जास्त खर्चिक निघू शकते. रोज लांब चालणाऱ्या गाडीचे तेल नीट तापते, त्यातला ओलावा उडून जातो, एसीचे सील ओले राहतात. महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीला हे सुख नसते.

या भूमिकेसाठी लेक्सस एलएस ४०० चे उदाहरण उपयोगी पडते. टोयोटाने १९८९ मध्ये आणलेली ही सेडान टिकाऊपणासाठी प्रसिद्ध आहे. पण तिच्याही ठरलेल्या तक्रारी आहेत : पॉवर स्टिअरिंगचे तेल गळून खालच्या अल्टरनेटरवर पडते, आणि स्टार्टर मोटर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असल्याने ती बदलायला वरचे सगळे उतरवावे लागते. म्हणजे चांगल्यात चांगल्या गाडीलाही वय गाठते आणि अवघड जागी भाग बसवण्याची सवय केवळ जर्मन नाही.

आक्षेप असा, की सगळ्या गाड्यांचे रबर म्हातारे होते, तर साध्या गाडीतही तेच व्हायला हवे. याचे उत्तर मुख्यतः संख्येत आहे. साध्या सेडानच्या पुढच्या चाकाला एकच लोअर आर्म असतो, तिथे या गाड्यांत तीन-चार आर्म असतात. सीट, दरवाजे, आरसे, पडदे, डिकी यांना मोटारी असतात. प्रत्येक भागाचा दर्जा चांगला असला, तरी भाग जितके जास्त तितकी त्यांतला कुठला तरी एक बिघडण्याची शक्यता जास्त. तरीही एन ४७ ची चेन किंवा एम २७२ चा गिअर या हिशेबात बसत नाही.

चौथी भूमिका : इथले इंधन, रस्ते आणि पाऊस

इंधनाचा परिणाम किती खोल असू शकतो, याचे उदाहरण भारताबाहेरचे आहे. १९९० च्या दशकात बीएमडब्ल्यूने काही इंजिनांच्या सिलिंडरला निकासिल हा लेप दिला. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलमधल्या जास्त गंधकाने तो लेप खाल्ला आणि कंपनीला ती इंजिने बदलून द्यावी लागली. एका देशात टिकलेली रचना दुसऱ्या देशात टिकली नाही, याचा हा नोंदलेला दाखला आहे.

भारतात बीएस-३ या प्रदूषण-मानकाच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम होती, बीएस-४ मध्ये ५०, बीएस-६ मध्ये १०. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ इंधन आधी तेरा शहरांत आले. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. पूर्ण देशात ते २०१७ मध्ये पोचले आणि बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये. म्हणजे २०१० ते २०१७ या काळात पुण्याची गाडी कोकणात गेली, की तिच्या टाकीत वेगळ्या दर्जाचे डिझेल पडू शकत होते. गंधक जास्त असलेल्या इंधनाने इंजिन तेल लवकर आम्लधर्मी होते, त्यामुळे तेल बदलण्याचे अंतरही कमी ठेवावे लागते.

रस्त्यांचा परिणाम तर डोळ्यांना दिसतो. खड्ड्यांत आणि उंच स्पीडब्रेकरवर बुश, बॉल जॉइंट, हवापिशव्या लवकर जातात. कमी उंचीच्या टायरमुळे रिमला धक्का थेट लागतो. वाहतूक कोंडीत किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन तासन्‌तास चालू असते. मुंबईत दोन तासांत पंधरा किलोमीटर गेलेल्या गाडीचे तेल महामार्गावरच्या शंभर किलोमीटरपेक्षा जास्त थकलेले असू शकते.

पावसाचा मुद्दा इथे वेगळा. या गाड्यांत अनेक कंट्रोल युनिटे कार्पेटखाली किंवा डिकीच्या तळाशी ठेवलेली असतात. आउडीच्या काही मॉडेलांत गिअरबॉक्सचे युनिट पुढच्या सीटसमोर पायाखाली आहे, बीएमडब्ल्यू ५ सीरिज ‘ई ६०’ मध्ये काही युनिटे स्टेपनीच्या खाचेजवळ आहेत. पुढच्या काचेखालचा पाणी वाहून जाण्याचा मार्ग पानांनी तुंबला, की पाणी आत येते आणि कार्पेटखाली साचते. गाडी पुरात बुडायला हवी असे नाही. बुडाली तर प्रश्न आणखी वाढतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाण्यात इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केला, की सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

या भूमिकेवरचा आक्षेप असा, की ज्या तक्रारी जर्मनीत, जपानमध्ये आणि अमेरिकेतही तशाच दिसतात, त्या भारतीय परिस्थितीवर ढकलता येत नाहीत. चेन, वॉटर पंप, तेलगळती या यादीला देश नाही. सस्पेन्शन आणि पाणी यांच्याबाबत मात्र स्थानिक कारणांचे वजन मान्य करावे लागते.

पुराव्यांची मर्यादा

हा वाद आकड्यांनी का मिटत नाही, याचेही कारण आहे. जर्मनीत गाडी तीन वर्षांची झाली, की पहिली आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते. त्यावर आधारलेला टीयूव्ही या तपासणी-संस्थेचा अहवाल वयाप्रमाणे गाड्यांची क्रमवारी देतो. पण ती तपासणी ब्रेक, दिवे, सस्पेन्शन, गंज, धूर पाहते. चेन ताणली आहे की नाही, हे तिच्या कक्षेत नाही. एडीएसी या मोटारसंघटनेचा अहवाल रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या मोजतो. तिथे सर्वांत मोठे कारण बॅटरी ठरते. शिवाय आलिशान कंपन्या आपली स्वतःची रस्ता-मदत देतात, तिथे गेलेले फोन एडीएसीच्या नोंदीत येत नाहीत. अमेरिकेतील जे. डी. पॉवरचे टिकाऊपणाचे सर्वेक्षण तीन वर्षांच्या गाड्या पाहते, आणि त्यात ब्लूटूथ नीट न जुळणे हीसुद्धा तक्रार धरली जाते. पंधरा वर्षांच्या गाडीबद्दल यांतून थेट फारसे कळत नाही.

भारतात अशी सार्वजनिक, वयानुसार मांडलेली नोंदच नाही. इथली माहिती मेकॅनिकच्या अनुभवातून आणि मालकांच्या सांगण्यातून येते. मेकॅनिककडे येते ती बिघडलेलीच गाडी, आणि मालक सांगतो तो आपलाच अनुभव. दोन्ही खरे असतात, पण त्यांतून प्रमाण कळत नाही.

दुरुस्तीची बाजू

बिघाडाइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तो दुरुस्त कोण करणार. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे कंपनीची माहिती, हत्यारे आणि सॉफ्टवेअर असते. त्यांची पद्धत बहुधा पूर्ण भाग बदलण्याची असते, म्हणून बिल मोठे होते. स्वतंत्र गॅरेज गिअरबॉक्सचे युनिट उघडून दुरुस्त करते, हवापिशवी वेगळी बदलते, ऑइल कूलरचे फक्त सील घालते. पण नवीन युनिट गाडीला जोडताना त्याचे कोडिंग करावे लागते आणि तिथे अनेकदा कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत मर्सिडीज-बेंझ आणि बीएमडब्ल्यूही होत्या. कंपन्यांचे म्हणणे होते, की सुरक्षेशी निगडित भाग अप्रशिक्षित हातांत जाणे धोक्याचे आहे आणि नकली भागांचा बाजार मोठा आहे. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. तरीही पंधरा वर्षे जुन्या युनिटचे कोडिंग गल्लीतल्या गॅरेजला सहज करता येईल, अशी स्थिती अजून नाही.

स्कॅनरबद्दलही दोन मते आहेत. एका गटाच्या मते स्कॅनरशिवाय या गाड्यांना हात लावू नये. दुसरा गट म्हणतो, की स्कॅनर लक्षण सांगतो, कारण नाही. कोड वाचून सेन्सर बदलत गेले आणि शेवटी बॅटरीची तार सैल निघाली, असा अनुभव अनेक गॅरेजांना आहे. व्यवहारात दोन्ही गट एकमेकांच्या जवळ आले आहेत : कोड वाचायचा, मग मीटरने आणि डोळ्याने खात्री करायची.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न इथेनॉलचा. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने सर्वत्र पोचले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या चारचाकींचे इंधन-मान सहा ते सात टक्के घटेल असा अंदाज दिला होता. मायलेजपेक्षा वादाचा मुद्दा जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, पंप आणि सील यांचा आहे. सरकारची भूमिका अशी, की चाचण्यांत मोठे नुकसान दिसले नाही, काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात. मालकांची शंका अशी, की चाचण्या कोणत्या गाड्यांवर झाल्या आणि वीस वर्षांची आयात-रचनेची सेडान त्यांत बसते का. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीबाबत ही शंका जास्त रास्त ठरते. उत्तर मिळायला काही वर्षे जावी लागतील.

दुसरा प्रश्न उशिरा सुरू केलेल्या देखभालीचा. दीड लाख किलोमीटर एकाच तेलावर चाललेल्या गिअरबॉक्सचे तेल आता बदलावे की नाही? एका मताप्रमाणे ताज्या तेलाने सुटलेला गाळ व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकतो आणि बरी चालणारी गाडी बिघडते. दुसऱ्या मताप्रमाणे तो गिअरबॉक्स आधीच मरणाच्या वाटेवर असतो, तेल बदलल्याचा फक्त आळ येतो. नियंत्रित तुलना कोणी केलेली नसल्याने दोन्ही बाजू अनुभवावर बोलतात.

तिसरा प्रश्न इलेक्ट्रॉनिक भागांच्या उपलब्धतेचा. धातूचा बुश कोल्हापूरच्या लेथवरही घडवता येतो. बंद झालेल्या मॉडेलचे कंट्रोल युनिट तसे घडवता येत नाही. पहिल्या पिढीच्या गाड्या चाळीस वर्षे टिकल्या, कारण त्या हाताने दुरुस्त होत. तिसऱ्या पिढीच्या गाड्यांचे लोखंड टिकेल, त्यांची युनिटे आणि सॉफ्टवेअर टिकेल का, हे अजून ठरायचे आहे.

आज आपण कुठे आहोत

चारही भूमिका शेजारी ठेवल्या, की त्यांच्यातला बराचसा विरोध दृष्टिकोनाचा असल्याचे दिसते. कारखान्यातला अभियंता गाडीची पहिली सहा-सात वर्षे पाहतो आणि त्या काळात त्याचे हिशेब बहुतेक बरोबर ठरतात. अधिकृत सर्व्हिस सेंटर वॉरंटीतली गाडी पाहते. स्वतंत्र गॅरेजात तीच गाडी बारा-पंधरा वर्षांनी, तिसऱ्या मालकाबरोबर येते, आणि तोवर आधीच्या प्रत्येकाने पुढे ढकललेला खर्च तिथे एकदम उभा राहतो. प्रत्येक जण आपल्यासमोरच्या गाडीबद्दल खरे बोलत असतो.

म्हणून एकच कारण शोधण्यापेक्षा बिघाड तीन खान्यांत मांडणे जास्त उपयोगी ठरते. वर्षांनी होणारे : रबर, प्लॅस्टिक, तारा, हवापिशव्या. वापराने होणारे : ब्रेक, क्लच, बुश, तेल. आणि ठरावीक मॉडेलच्या आराखड्यातले : अमुक वर्षाची चेन, तमुक इंजिनाचा गिअर. पहिल्या खान्याचा खर्च गाडी कितीही कमी चाललेली असली तरी धरावाच लागतो. दुसऱ्याचा अंदाज सर्व्हिसच्या कागदांवरून येतो. तिसऱ्यासाठी इंजिनाचा क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष पाहणे पुरते, कारण दोषी आणि सुधारित इंजिने बहुधा त्यावरून वेगळी करता येतात. जुनी आलिशान सेडान घ्यावी की नाही, याचे सरसकट उत्तर या आढाव्यातून निघत नाही. पण समोरच्या एका गाडीबद्दल या तीन खान्यांची उत्तरे मिळाली, तर तिच्या पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाचा अंदाज विक्रेत्याच्या शब्दापेक्षा किंवा मीटरवरच्या आकड्यापेक्षा बराच नीट बांधता येतो.